दोन दशांश सेकंदांचं बेट

जागतिक रॅली अजिंक्यपद १९७३ साली सुरू झालं. तेव्हापासून आजवर सर्वांत कमी फरकाने जिंकलेल्या रॅली दोन, आणि दोन्हींत पहिल्या-दुसऱ्या गाडीत अंतर होतं फक्त ०.२ सेकंदांचं. पहिली २०११ सालची जॉर्डनची. मृत समुद्राच्या काठी, समुद्रसपाटीच्याही खाली उतरणाऱ्या रस्त्यांवर फ्रान्सच्या सेबास्तियाँ ओजिएने फिनलंडच्या यारी-मत्ती लातवालाला तेवढ्याने मागे टाकलं. दुसरी २०२४ ची, इटलीच्या सार्डिनिया बेटावरची. तिथे हाच ओजिए तेवढ्यानेच हरला. २००७ मध्ये न्यूझीलंडला मार्कस ग्रोनहोल्मने सेबास्तियाँ लोबला ०.३ सेकंदांनी हरवलं, तीही रॅली मातीवरचीच.

डांबर गुळगुळीत, त्यामुळे तिथे फरक कमी आणि मातीवर जास्त, असं कुणालाही वाटेल. पण मातीच्या रॅलीत चुरस रस्ताच घडवतो, आणि सार्डिनियाइतका हे उघड करून दाखवणारा रस्ता क्वचितच सापडतो.

इटलीची जागतिक रॅली पूर्वी सानरेमोला व्हायची. २००४ मध्ये ती या बेटावर आली. ओल्बिया आणि आल्गेरो या गावांत तिचा तळ फिरत राहिला. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना झाडं, झुडपं आणि मोठाले दगड. गाडी हातभर जरी रेषेबाहेर गेली तरी चाक किंवा सस्पेन्शन गेलंच म्हणून समजा. वरचा थर भुसभुशीत वाळूचा, त्यावर सुटी खडी, आणि खाली कडक खडक. मोंते लेर्नोच्या टप्प्यात प्रसिद्ध उडी आहे, तिथे छायाचित्रकार आणि प्रेक्षक गर्दी करतात. उडी दिसते छान, पण रॅलीचा निकाल ठरतो तो त्या वाळूच्या थरात.

पहिली गाडी येते तेव्हा वाळू जशीच्या तशी पडलेली असते. चाकं तिच्यावर घसरतात, ब्रेक उशिरा लागतो, वळणातून बाहेर पडताना ताकद वाया जाते. ती गाडी मागच्यांसाठी रस्ता झाडत जाते. दुसरीला थोडी पकड मिळते, पाचवीला बरीच, आठवी-नववी तर जवळजवळ वेगळ्याच रस्त्यावर धावते. दुपारी त्याच टप्प्यावर दुसरी फेरी होते तोवर वाळू उडून गेलेली असते, खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि खालचे धारदार दगड वर आलेले असतात. सकाळी पकड नव्हती, आता टायर वाचवायची चिंता. दोन गाड्यांमध्ये काही मिनिटांचं अंतर ठेवतात ते धुळीसाठी. वारा पडला की झाडांमध्ये धुरळा लटकून राहतो आणि मागच्याला पुढचं काही दिसत नाही. नाशिकच्या परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ पाहिलेल्यांना तो धुरळा अनोळखी नाही.

आता यात क्रमाचा नियम मिसळा. पहिल्या दिवशी गाड्या अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यानुसार सुटतात, म्हणजे वर्षभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यानेच सगळ्यांसाठी रस्ता झाडायचा. नंतरच्या दिवसांत क्रम उलटतो, रॅलीत आघाडीवर असलेला मागून निघतो. काही जाणकारांना पहिल्या दिवसाचा नियम अन्यायाचा वाटतो. मला तो आवडतो. बलवान स्पर्धकाच्या पायात थोडं वजन बांधल्यामुळेच लढत शेवटच्या टप्प्यापर्यंत जिवंत राहते, आणि तरीही जो जिंकतो त्याच्या विजयाला वेगळा मान मिळतो.

या बेटाने शेवटच्या टप्प्यावर किती जणांना रडवलं आहे ते पाहा. २०१८ मध्ये बेल्जियमच्या थिएरी न्यूव्हिलने अगदी शेवटच्या टप्प्यावर ओजिएला गाठलं आणि ०.७ सेकंदांनी रॅली हिसकावली. २०१९ मध्ये एस्टोनियाचा ओट तानाक २६ सेकंदांहून जास्त आघाडी घेऊन शेवटच्या टप्प्याला निघाला. एकच टप्पा उरलेला आणि गाडीचं पॉवर स्टिअरिंग गेलं. निव्वळ मनगटाच्या जोरावर गाडी वळवत तो कसाबसा शेवटाला पोहोचला, पण पाचवा. स्पेनचा दानी सोर्दो जिंकला. तानाकने कारकिर्दीतला पहिला जागतिक विजय २०१७ साली याच बेटावर मिळवला होता, हे लक्षात घेतलं की ते दुःख जास्तच बोचतं.

मग आला २ जून २०२४ चा रविवार. सोळा टप्पे, मिळून सुमारे २६६ किलोमीटर शर्यतीचं अंतर, आणि उरला होता फक्त सासरी-आर्जेंतिएरा. आर्जेंतिएरा हे समुद्राकाठचं जुनं खाणगाव. टोयोटाच्या ओजिएकडे ह्युंदाईच्या तानाकपेक्षा ६.२ सेकंद जास्त होते, म्हणजे ठीकठाक चालवलं तरी पुरेसे. पण वाटेत टायरमधली हवा जायला लागली. थांबून चाक बदलायचं तर दीड-दोन मिनिटं जाणार, म्हणून तसंच चालवत राहणं भाग होतं. बसणाऱ्या टायरवर वळणात गाडी हवी तशी वळत नाही, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, आणि प्रत्येक किलोमीटरला थोडं थोडं जातच राहतं. ओजिए शेवटाला पोहोचला तेव्हा ६.२ सेकंद संपले होते आणि वर आणखी ०.२ गेले होते. तीन तासांहून अधिक काळ धावल्यानंतरचा तो फरक अंतरात मोजला, तर रॅलीच्या सरासरी वेगाने जेमतेम पाच मीटर भरतो.

दोष नशिबाला देणं सोपं आहे. पण अशा रॅलीत सकाळी सर्व्हिस पार्कमधून, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या तळावरून निघताना प्रत्येक संघ हिशेब करतो: कडक टायर किती, मऊ किती, जादा चाक एक घ्यायचं की दोन. दोन घेतली तर वजनाने वेळ जातो, एक घेतलं तर दुसरं पंक्चर झाल्यावर खेळ खलास. हे सगळं त्या दिवशी टप्प्यावर उतरण्याआधी ठरवायचं असतं, आणि दोन दशांशांचा फरक अशा पन्नास छोट्या निर्णयांतून साचत जातो.

आणि या सगळ्यात कॅमेरा ज्याच्याकडे कमी वळतो तो शेजारच्या सीटवर असतो. रॅलीआधी चालक आणि सहचालक प्रत्येक टप्प्यावरून वेगमर्यादा पाळून फक्त दोनदा जातात. चालक बोलतो, सहचालक वहीत लिहितो. पुढच्या वळणापर्यंतचं अंतर, वळण डावं की उजवं, किती तीव्र, पुढे उघडतं की आवळतं, आतून कापायचं की नाही. बहुतेकांच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकं वळण तीव्र. मराठीत ऐकायचं तर काहीसं असं: ‘शंभर, डावा पाच लांब, कापू नको, आत दगड, लगेच उजवा तीन आवळतो.’ शर्यतीत हे हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून, गाडी उसळत असताना, एक-दोन वळणं आधी पोहोचावं लागतं. लवकर सांगितलं तर चालक विसरतो, उशिरा सांगितलं तर रस्ता संपलेला असतो. वाचणाऱ्याची नजर बराच वेळ वहीवर असते. गाडी नेमकी कुठे आहे ते त्याला सीटच्या हादऱ्यांवरून आणि वळणाच्या ओढीवरून कळतं. तानाकच्या शेजारी मार्टिन यार्वेओया होता, ओजिएच्या शेजारी व्हँसाँ लांदे. वहीत ‘कापू नको’ हे दोन शब्द राहून गेले, तर सार्डिनियातला एकच दगड तीन दिवसांची मेहनत धुळीला मिळवतो. म्हणूनच निकालपत्रावर नेहमी दोन नावं छापतात, आणि सहचालकांचं जागतिक अजिंक्यपद स्वतंत्र दिलं जातं.