आर्मडिलो

आर्मडिलो : शरीरावर हाडांचे चिलखत असणारा अमेरिकेतील सस्तन प्राणी. ‘छोटा चिलखतधारी’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव रूढ झाले. याचा समावेश सिंग्युलॅटा गणात होतो; मुंगीखाऊ व स्लॉथ हे याचे जवळचे नातलग होत. भारतातील खवल्या मांजर याच्यासारखे दिसत असले, तरी ते वेगळ्या गणातील आहे. त्याचे खवले केवळ शृंगद्रव्याचे असतात. आर्मडिलोच्या कवचात मात्र शृंगी आवरणाखाली त्वचेतच तयार झालेल्या अस्थिपट्टिका असतात.

आर्मडिलोच्या वीसहून अधिक जाती असून बहुतेक दक्षिण अमेरिकेत आढळतात. आकारमानात मोठी विविधता दिसते. महाकाय आर्मडिलो (प्रायोडॉन्टिस मॅक्झिमस) शेपटीसह सु. १·५ मी. लांब व ३० किग्रॅ.पर्यंत वजनाचा असतो, तर अर्जेंटिनातील गुलाबी परी आर्मडिलोचे वजन सु. १०० ग्रॅ. असते. सर्वच आर्मडिलो अंगाचे वेटोळे करून चेंडूसारखे होतात, हा समज चुकीचा आहे. टॉलिप्यूटीस वंशातील दोन जातींनाच ते पूर्णपणे साधते. इतर जाती पळून किंवा जमीन उकरून स्वतःचा बचाव करतात.

नऊ-पट्टी आर्मडिलो (डॅसिपस नोव्हेमसिंक्टस) सर्वांत परिचित आहे. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांत चार स्वतंत्र जाती असल्याचे २०२४ मध्ये मांडण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला व तेथून उत्तरेस आणि पूर्वेस पसरला. वजन ३–६ किग्रॅ.; मुस्कट लांब व निमुळते; पायांना बळकट नखर. खांद्यावरील व ढुंगणावरील ढालींच्या मध्ये ७–११ चल पट्टे असतात. दात खुंटीसारखे, एकसारखे व प्रौढपणी दंतवल्करहित असून ते सतत वाढतात.

हा मुख्यतः निशाचर असून बिळात राहतो. दृष्टी अधू, पण घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. जमीन हुंगत व उकरत तो भुंगेरे, अळ्या, मुंग्या आणि वाळवी खातो. दचकल्यास तो सरळ वर उसळतो. रस्त्यावर वाहनाखाली सापडून मरण्याचे हे एक कारण आहे. पाण्याचा लहान प्रवाह तो श्वास रोखून तळावरून चालत ओलांडतो. रुंद पात्रात हवा गिळून आतडी फुगवतो व पोहतो. चयापचय मंद आणि केस विरळ असल्यामुळे कडक थंडी त्याला सोसत नाही.

प्रजोत्पादन वैशिष्ट्यपूर्ण आहे. उन्हाळ्यात समागम झाल्यावर भ्रूण तीन-चार महिने गर्भाशयात न रुजता तसाच राहतो. रुजल्यानंतर एकाच फलित अंडापासून चार भ्रूण तयार होतात आणि वसंत ऋतूत आनुवंशिक दृष्ट्या समान, एकाच लिंगाची चार पिल्ले जन्मतात. न्यूमन व पॅटर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या बहुभ्रूणतेचा सविस्तर अभ्यास केला. जन्मतः पिल्लांचे डोळे उघडे असतात. कवच मात्र मऊ असून हळूहळू कठीण होते.

या प्राण्याचे वैद्यकीय महत्त्व त्याच्या शरीरतापमानाशी निगडित आहे. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. परंतु तो कृत्रिम संवर्धन माध्यमात आजही वाढविता आलेला नाही. मानवी शरीरात हा जंतू त्वचा, नाक, कान यांसारख्या थंड भागांत अधिक वाढतो. नऊ-पट्टी आर्मडिलोचे शरीरतापमान सु. ३३°–३५° से. असते. शिवाय तो दहा वर्षांहून अधिक जगू शकत असल्यामुळे हळूहळू वाढणाऱ्या या रोगास पुरेसा अवधी मिळतो. किर्खहाइमर व स्टॉर्स यांनी १९७१ मध्ये या प्राण्यात रोगाचे संक्रामण घडवून आणले. त्यामुळे संशोधनासाठी जंतू प्रथमच विपुल प्रमाणात मिळू लागले. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात नोंदले जातात, म्हणून या कार्याचे भारताला विशेष महत्त्व आहे. २००१ मध्ये या जंतूचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेला विभेद मूळ तमिळनाडूतील असून आर्मडिलोत वाढविलेला होता.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील वन्य आर्मडिलोंतही हा रोग आढळतो. युरोपीय वसाहतींनंतर तो माणसाकडून त्यांच्याकडे गेला असावा. तेथील रुग्ण व वन्य आर्मडिलो यांच्यात जंतूचा एकच विभेद असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. म्हणजेच आर्मडिलोकडून माणसाला संसर्ग होऊ शकतो. मांसासाठी शिकार करणे व प्राणी उघड्या हातांनी हाताळणे यांत हा धोका असतो. मात्र बहुतेक माणसांत या रोगास नैसर्गिक प्रतिकारक्षमता असते व बहु-औषधी उपचाराने तो पूर्ण बरा होतो. नऊ-पट्टी आर्मडिलोस सध्या धोका नाही. परंतु शिकार आणि अधिवासाचा नाश यांमुळे महाकाय आर्मडिलोची गणना असुरक्षित जातींत होते.