वाढते उपनगर आणि मोटार-विम्याचा दर

मोटार-विम्याचा दर ठरविताना स्थळाला महत्त्व का दिले जाते, आणि ज्या उपनगराचे रूप वर्षागणिक पालटत आहे त्याच्या बाबतीत ही पद्धती कितपत न्याय्य ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भारतात तृतीय पक्षाविषयीच्या दायित्वाचा विमा अनिवार्य आहे. खाजगी मोटारींसाठी त्याचा हप्ता शासन इंजिनाच्या क्षमतेवरून ठरविते, स्थळावरून नव्हे. स्थळाचा प्रभाव पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने यासाठी दोन विभाग कल्पिले होते : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद व पुणे ही शहरे पहिल्यात, उर्वरित देश दुसऱ्यात. पाच वर्षांपर्यंतच्या, १००० सी.सी. पर्यंतच्या गाडीला विमामूल्यावर अनुक्रमे शेकडा ३.१२७ व ३.०३९ असा दर होता. पाच लाखांच्या गाडीमागे हा फरक ४४० रुपयांचा होतो. १ जानेवारी २००७ पासून हे दर बंधनकारक राहिले नाहीत व कंपन्यांना दर ठरविण्याची मोकळीक मिळाली.

स्थानिक जोखमीची दोन अंगे असतात : दाव्यांची वारंवारता आणि प्रत्येक दाव्याचा सरासरी खर्च. अरुंद रस्त्यांवरील गर्दी, वाहनतळांचा अभाव व चोऱ्या पहिले अंग वाढवितात. कारागिरांची मजुरी व सुट्या भागांच्या किमती दुसरे. सखल भागात दोन्ही एकदम वाढतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे प्रकर्षाने दिसले.

खरी अडचण संख्याशास्त्रीय आहे. शंभर दाव्यांवरून काढलेल्या वारंवारतेत प्रमाण-त्रुटी सुमारे दहा टक्के असते. ती एक टक्क्यावर आणावयाची तर दहा हजार दावे हवेत. लहान उपनगरात तितके दावे होण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तोवर तेथे नवी वसाहत व नवा रस्ता होऊन जुना अनुभव निरुपयोगी ठरतो. म्हणून उपनगर मोठ्या विभागात विलीन करावे लागते. दरपत्रकात तर विभाग नोंदणी-कार्यालयावरून ठरत असे. गाडी प्रत्यक्ष कोठे धावते हा प्रश्न गौणच राही. परिणामी, गाडी क्वचितच बाहेर काढणारा रहिवासी रोज शहरात जाणाऱ्या शेजाऱ्याच्या जोखमीचा काही भार उचलतो.

कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली मतदारांनी संमत केलेल्या कायद्याने चालकाचा पूर्वेतिहास, वार्षिक प्रवास व अनुभवाची वर्षे यांना अग्रस्थान देऊन निवासस्थान दुय्यम ठरविले. भारतातही २०२२ मध्ये नियामक प्राधिकरणाने प्रत्यक्ष वापरावर आधारित पूरक विम्यास अनुमती दिली. या दोहोंमागील तत्त्व एकच आहे. स्थळ हे जोखमीचे केवळ निदर्शक होय, तिचे कारण नव्हे. आणि उपनगर जितके वेगाने वाढते तितके हे निदर्शक अधिक अविश्वसनीय होत जाते.