फुंकरीतून काय कळते?

वसमतमध्ये एखाद्या आठ वर्षांच्या मुलाचे पोट महिनाभर बेंबीभोवती दुखत राहिले, की आधी जंताचे औषध होते, मग पित्ताची गोळी, आणि मग कुणीतरी एच. पायलोरीचे नाव काढते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये जठराच्या अस्तरातला हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. 2005 चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. त्याच्यामुळे अल्सर होतो, यावर आता वाद नाही. तो शोधायला घशातून दुर्बीणच घालावी लागते, असेही नाही. मुलाला खुणेचा कार्बन-13 असलेला युरिया प्यायला द्यायचा आणि अर्ध्या तासाने पिशवीत फुंकर मारायला लावायची. जिवाणू युरिया फोडतो आणि तो कार्बन श्वासात उतरतो. नाहीतर शौचाच्या नमुन्यात जिवाणूची प्रथिने शोधायची. ना सुई, ना भूल. कार्बन-13 किरणोत्सारीही नसतो. तरीही पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाची ही चाचणी करू नये, असे माझे मत आहे.

दोष चाचणीचा नाही. हा संसर्ग आपल्याकडे अतोनात पसरलेला आहे, अडचण ती आहे. हैदराबादेतल्या लोकांच्या रक्ताचा एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीपर्यंत 80 टक्क्यांहून अधिक जणांमध्ये या जिवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. संसर्ग बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होतो, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. आता समजा, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पोटात तो आहे. मग पोट दुखणाऱ्यांतही निम्म्यांची चाचणी पॉझिटिव्ह येणारच. दुखण्याचे कारण बद्धकोष्ठता असो, नाहीतर शाळेची धास्ती. जिवाणू आहे एवढे कळते, दुखण्याचा गुन्हेगार तोच आहे हे कळत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2017 च्या संयुक्त शिफारशींत नेमके हेच बजावले: साध्या पोटदुखीत हा जिवाणू शोधत बसू नका, आणि पहिल्या निदानासाठी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीवर विसंबू नका. रक्ताची तपासणी तर त्याहून कुचकामी, कारण जिवाणू गेल्यावरही प्रतिद्रव्ये रेंगाळतात.

पण पॉझिटिव्ह आलीच तर औषध देऊन टाकावे, त्यात बिघडते काय, असे पालक विचारतील. निदान दोन प्रतिजैविके आणि ॲसिड कमी करणारे औषध, तेही साधारण 14 दिवस, हे काही खाऊ नव्हे. त्यात वापरल्या जाणाऱ्या आणि जुलाबालाही सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलला न जुमानणारे वाण भारतात फार आहेत. अर्धवट उपचाराने जिवाणू मरत नाही, उलट निबर होतो. या जिवाणूमुळे जठराचा कर्करोग होईल, ही भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्येच त्याला कर्करोग नक्की घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. पण त्या वाटेला अनेक दशके लागतात आणि थोडेच जण तिथवर जातात, म्हणून आठव्या वर्षी घाई करण्याचे कारण नाही. (वसमतसारख्या हळदीच्या बाजारपेठेत घरगुती उपायही सुचवला जाणार. हळदीतले कर्क्युमिन काचेच्या बशीत या जिवाणूला रोखते, माणसाच्या पोटात मात्र तेवढ्याने तो जात नाही.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग पहिले निदान दुर्बिणीनेच करायचे, तर त्या तपासणीसाठी नांदेड गाठायचे, पदरचा खर्च करायचा, तो कशाला? सगळ्यांनी करायचाच नाही. डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, घटते वजन, झोपेतून उठवणारे दुखणे, लोहाच्या औषधाने न भरणारा रक्तक्षय, असे काही असेल तर मात्र तो खर्च टाळू नये. अल्सर आहे की नाही हे दुर्बिणीतूनच दिसते, आणि कोणते औषध लागू पडेल हेही अस्तराच्या तुकड्यावरून तपासता येते.

फुंकरीचे खरे काम उपचारानंतरचे. पोटदुखी थांबली म्हणजे जिवाणू गेला असे नाही. प्रतिजैविके संपून निदान चार आठवडे आणि ॲसिडची गोळी बंद होऊन दोन आठवडे झाल्यावर चाचणी करावी, नाहीतर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सहा वर्षांखालच्या मुलांत श्वासाचा निकाल कमी भरवशाचा असतो; त्यांच्यासाठी शौचाचा नमुना बरा, मात्र तो लॅबपर्यंत थंड ठेवून न्यावा.