नावाजलेली शाळा : अर्ज भरण्यापूर्वी काय पाहावे?

दिवाळीची सुटी संपली की आपल्या वसाहतीत, विहाराच्या पायरीवर, लोकलच्या डब्यात एकच विषय निघतो : येत्या जूनला मुलाला कोणत्या शाळेत घालावयाचे? आपल्या मागच्या पिढीपुढे हा प्रश्नच नव्हता. नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा होती, तेथे नाव घातले जाई. आज नोकरदार समाजबांधव पोटाला चिमटा घेऊन खासगी शाळेकडे धाव घेतो आणि ही धाव बहुधा एकाच वाक्यावर असते : "त्या शाळेचे नाव फार आहे हो!"

हे नाव कोणी केले, कशावरून केले, असे विचारून पाहा. कोणी सांगेल, साहेबांची मुले तेथे जातात. कोणी सांगेल, इमारत मोठी आहे, मुले टाय लावतात. कोणी म्हणेल, तेथे प्रवेशच मिळत नाही, म्हणजे शाळा चांगलीच असणार. हे शेवटचे कारण मोठे गमतीचे आहे. रेशनच्या दुकानापुढेही रांग असते. म्हणून काही तेथला तांदूळ बासमती ठरत नाही.

मी बँकेतला कारकून. कर्जाची फाइल टेबलावर येते तेव्हा अर्जदाराचा सूट फाइलीत येत नाही, कागद येतात. शिवाय ३१ मार्चची शिल्लक पाहून आम्ही खात्याबद्दल मत बनवीत नाही, कारण त्या एका दिवसापुरती शिल्लक फुगविता येते. खाते वर्षभर कसे चालले ते पाहावे लागते. शाळेचे नावही असेच तपासावयास हवे, असे माझे मत आहे. शाळेची ३१ मार्चची शिल्लक म्हणजे दहावीचा निकाल. वर्षभराचे खाते मात्र वेगळ्याच ठिकाणी सापडते.

आधी कागद. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालविता येत नाही. चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत. तरीही अनधिकृत शाळा निघतातच, आणि मुंबई महानगरपालिकेला त्यांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात. म्हणून शाळेचा यू-डायस क्रमांक मागून घ्यावा. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातील शाळांचा २७ ने सुरू होतो. शाळा सीबीएसईची म्हणवीत असेल तर संलग्नता क्रमांक विचारावा आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. "सीबीएसई पॅटर्न" असे फलकावर लिहिलेले असेल तर दोनदा विचारावे. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. त्याचप्रमाणे "इंटरनॅशनल" हा शब्द कोणत्याही मंडळाने दिलेली पदवी नाही. तो रंगाऱ्याने फलकावर काढलेला असतो.

नर्सरीचा फसवा भाग तर ध्यानात ठेवावाच. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या बालकांचा आहे. एखाद्या नामांकित साखळीची नर्सरी आपल्या नाक्यावर सुरू झाली, म्हणजे तेथे पहिलीची मान्यता आहेच असे नाही. दोन वर्षे फी भरल्यानंतर "पहिलीसाठी दुसरीकडे बघा" असे ऐकावे लागू नये.

आता निकाल. "सलग अमुक वर्षे शंभर टक्के" असा कापडी फलक शाळेच्या फाटकावर पाहिला की आपली छाती भरून येते. परंतु शंभर टक्के कशाचे? परीक्षेला बसविलेल्या मुलांचे. समजा, नववीच्या पटावर ८० मुले होती आणि दहावीला शाळेतर्फे ६२ बसली व सगळी उत्तीर्ण झाली, तर फलक खोटा नाही. पण १८ मुले कोठे गेली? काहींच्या वडिलांची बदली झाली असेल. काहींना मात्र नववीतच बोलावून सांगितलेले असते की, दाखला घेऊन जा, किंवा बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. हा फॉर्म राज्य मंडळाने शाळा सुटलेल्या, खासगीरीत्या दहावीला बसू इच्छिणाऱ्यांसाठी ठेवलेला आहे. शाळेत रोज येणाऱ्या मुलाला निकाल बिघडू नये म्हणून त्या वाटेने लावणे, ही त्या फलकाची किंमत होय. आणि ती किंमत कोणाची मुले भरतात? ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही, ज्यांना शिकवणी परवडत नाही, त्यांची. म्हणजे पुष्कळदा आपलीच. आमच्या परिसरातील एका गृहस्थांच्या मुलीला असेच सांगण्यात आले होते. बाई रोज फाटकापर्यंत जाऊन रडत परत येत. मुलगी पुढे दुसऱ्या साध्या शाळेतून दहावी झाली, ही गोष्ट वेगळी. पहिल्या शाळेच्या फलकावर त्या वर्षीही शंभर टक्केच लिहिले गेले.

म्हणून मुख्याध्यापकांना नम्रपणे एकच प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती विद्यार्थी होते आणि यंदा त्यांतील किती शाळेतर्फे दहावीला बसले? उत्तर देणारी शाळाही असते. रागावणारीही असते. दोन्हींतून माहिती मिळतेच.

शाळेबद्दल विचारावयाचे कोणाला, हेही महत्त्वाचे. नर्सरीच्या पालकांना विचारू नये. त्यांनी नुकतेच पैसे भरलेले असतात, ते वाईट कशाला बोलतील? सातवी-आठवीच्या पालकांना विचारावे, आणि ज्यांनी मूल त्या शाळेतून काढले त्यांना आवर्जून शोधून विचारावे. मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनवाल्या काकांना कोणत्या बाई अर्ध्या वर्षात सोडून गेल्या, कोणत्या वर्गात मार बसतो, याची खडान्‌खडा माहिती असते.

सर्वांत चांगला साक्षीदार मात्र वही. त्या शाळेत जाणाऱ्या, पहिल्या नंबरात न येणाऱ्या एखाद्या शेजारच्या मुलाची गणिताची आणि इंग्रजीची वही मागून घ्यावी आणि शांतपणे चाळावी. प्रत्येक पानावर नुसती लाल बरोबरची खूण आणि खाली सही असेल, तर शिक्षकांनी वही उघडली, वाचली नाही. चूक गोल करून शेजारी दुरुस्ती लिहिली असेल, दोन दिवसांनी मुलाने ते पुन्हा लिहिले असेल, तर तेथे शिकवणे चालू आहे. निबंध सगळ्या वर्गाचा एकसारखा, फळ्यावरून उतरविलेला आहे की मुलाच्या स्वतःच्या मोडक्यातोडक्या भाषेत आहे, तेही पाहावे. मोडकी भाषा दिसली तर घाबरू नये. ती त्या मुलाची स्वतःची असते. मराठीची वहीही बघावी. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. काही ठिकाणी ती वेळापत्रकात असते आणि वहीत नसते.

शिक्षक किती व कसे, हे थोडक्यात. पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण कायद्यात आहे. त्याच कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. वर्गशिक्षकच संध्याकाळी "माझ्याकडे पाठवा" म्हणत असतील तर दिवसा काय चालते ते समजावे.

फीच्या बाबतीत आपण अंदाज फार कमी धरतो. जून महिन्यात सोने गहाण ठेवावयास आणि मुदत ठेव मोडावयास येणारी माणसे मी खिडकीतून दर वर्षी पाहतो. छापील फी ही सुरुवात असते. बस, गणवेश, पुस्तके, सहल आणि स्नेहसंमेलनाचा पोशाख हे मागाहून येतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव मांडावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे वाढविता येत नाही. या समितीवर इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. समितीवर कोण आहे, हे कार्यालयात विचारावे. कोणालाच ठाऊक नसेल तर समिती कागदावर आहे. देणगी मागितली तर पावती मागावी. प्रवेशासाठी देणगी घेणे हा गुन्हा असून दंड घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत आहे. मुलाची वा आई-वडिलांची मुलाखत घेऊन निवड करण्यासही पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे.

या सर्वांपेक्षा नाजूक गोष्ट म्हणजे तेथे आपल्या लेकराला कसे वागवतील. बाबासाहेब सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टनचे तेव्हाही नाव मोठे होते. त्याच शाळेत भीमराव फळ्याकडे निघताच मुलांनी फळ्यामागचे जेवणाचे डबे घाईघाईने बाजूला काढले. शाळेच्या नावात हे कोठे लिहिलेले असते? आज डबे कोणी काढीत नाही. पण प्रवेशाच्या खिडकीवर साध्या लुगड्यातील आजीशी कारकून कसा बोलतो, मराठीत विचारले तर मराठीत उत्तर देतो का, आडनाव वाचून चेहरा बदलतो का, हे दहा मिनिटे उभे राहिले तरी दिसते. २५ टक्क्यांतून आलेली मुले इतरांबरोबर त्याच वर्गात बसतात ना, हेही विचारावे. त्यांना वेगळे बसविण्यास नियमांत मनाई आहे.

त्या २५ टक्के जागांविषयी आपल्याकडे अजून गैरसमज आहेत. खासगी विनाअनुदानित शाळेतील पहिल्या प्रवेश वर्गाच्या या जागा आहेत. अल्पसंख्याक शाळांना ही तरतूद लागू नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द केली, म्हणून हा दरवाजा उघडा आहे. अनुसूचित जातीच्या पालकांना यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि बौद्धांचा समावेश १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीनंतर केंद्रातही अनुसूचित जातींत आहे. जातीचा दाखला मात्र अर्जाच्या आधीच काढून ठेवावा; तहसील कचेरीच्या फेऱ्या सोडतीची तारीख पाहून थांबत नाहीत. ऑनलाइन अर्जात १० शाळांपर्यंत निवड करता येते. या दहांचा क्रम लावतानाच वरील चौकशी उपयोगी पडते. नाहीतर आपण सर्वांत उंच इमारत पहिल्या क्रमांकावर टाकून मोकळे होतो.

आणि एक हिशेब. ही मोफत जागा आठवीपर्यंतच असते. नववीला पूर्ण फी सुरू होते, आणि १७ नंबरचा फॉर्मही त्याच वर्षी पुढे येतो. तेव्हा पहिलीचा अर्ज भरतानाच आजची नववीची फी किती आहे ते कार्यालयातून लेखी घ्यावे, आणि त्यापोटी त्याच महिन्यापासून बँकेत मुलाच्या नावे आवर्ती ठेव सुरू करावी.