जटामांसीचं कपाट कोणतं?

लोनिसेराच्या, म्हणजे हनिसकलच्या काही जातींची फुलं पांढरी उमलतात आणि एकदोन दिवसांत पिवळी पडतात. कागदात दाबून वाळवली की सगळीच तपकिरी. त्यामुळे हिमालयातून नमुना आणणाऱ्याला रंग जागच्या जागीच टिपून ठेवावा लागतो. पण बरीच ओळख रंगावर नाहीच. ही फुलं जोडीनं येतात. जोडीतले दोन किंजपुट, म्हणजे पुढे फळ होणारे भाग, चिकटलेले आहेत की सुटे, तळची छदं, म्हणजे फुलाखालची पानं, केवढी, हे बघायचं. आणि ते दोनशे वर्षांनीही भिंगाखाली दिसतं.

दोनशे वर्षं ही अतिशयोक्ती नाही. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, डॅनिश शल्यवैद्य नॅथॅनिएल वॉलिच १८२०-२१मध्ये नेपाळात होते. लालजांभळ्या छदांचे घोस लोंबणारी लेस्टेरिया फॉर्मोसा त्यांनीच शास्त्राच्या दप्तरी नोंदवली, आणि नाव दिलं बंगालमधल्या एका न्यायाधीशाचं! वॉलिच यांचा संग्रह आता लंडनच्या क्यू उद्यानात आहे. पण नमुन्यांच्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर क्रमांक, 'नेपाळ' आणि साल एवढंच. डोंगर कोणता, उंची किती, पत्ता नाही.

१८४८ ते १८५० या काळात सिक्कीम पालथं घालणारे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी इथे मोठी सुधारणा केली. त्यांच्या छापील चिठ्ठीवर पट्टा असतो, 'समशीतोष्ण' वगैरे, आणि उंची फुटांत, उदाहरणार्थ सात ते दहा हजार. तरी तीन हजार फुटांच्या चढात हवा पाच-सहा अंशांनी गार होते. तापमानवाढीनं एखादं झुडूप वर सरकलं का, हे अशा नोंदीवरून सांगायचं म्हणजे कठीणच.

शिवाय हनिसकल कुळाच्या सीमाही हलत राहिल्या. डीएनएच्या पुराव्यावर उभ्या राहिलेल्या २००९च्या एपीजी या सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणानं व्हायबर्नम आणि एल्डर यांना हनिसकल कुळाबाहेर ठेवलं आणि व्हॅलेरियन कुळ आत घेतलं. म्हणजे व्हॅलेरियन कुळातली, आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातली, केसांच्या तेलातली जटामांसी आता हनिसकलची भाऊबंद. पण भारतातली बरीच हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह, अजून बेन्थम-हूकर पद्धतीनं लावलेली आहेत (हूकर तेच, सिक्कीमवाले), त्यामुळे जटामांसीचा कागद जुन्याच कपाटात सापडतो. मला यात काही वावगं वाटत नाही. लाखो कागद दर नव्या वर्गीकरणाबरोबर हलवत बसलं, तर हवा तो सापडणार कधी? नाव बदललं तर जुनी चिठ्ठी न काढता शेजारी नवी डकवतात, तपासणाऱ्याच्या सहीसकट.

एक सावधगिरी मात्र हवी. संग्राहक पायवाटेनं जातो, खिंडीत थांबतो, फुलांच्या हंगामात येतो. नमुन्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की ठिपके दाटतात ते वाटांच्या कडेला. ठिपका नाही म्हणून झाड नाही, असं धरता येत नाही.

जटामांसीच्या बाबतीत ठिपक्यांचा धोका वेगळाच. औषधी भाग जमिनीखालचा, तेव्हा काढायची म्हणजे झाड उपटायचं, आणि नेमका ठिपका उपटणाऱ्यालाही वाट दाखवतो. १९९७पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे, आणि आययूसीएनच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. आता हर्बेरियमचे कागद इंटरनेटवर चढू लागलेत. तेव्हा अशा दुर्मीळ वनस्पतींचं नेमकं ठिकाण झाकून मोघम जिल्हा तेवढा दाखवायचा, अशी पद्धत पडते आहे. अभ्यासकाला पूर्ण पत्ता हवा असेल, तर त्यानं रीतसर अर्ज करावा.