गोल्फ न खेळणाऱ्या आजीला काय विचारावं?

चीनमधल्या हांगचौ शहरातल्या एका दवाखान्यात सत्तरीची आजी बसली आहे अशी कल्पना करा. हातात छापील कागद. त्यावर प्रश्न: तब्येतीमुळे तुम्हाला टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं जड जातं का? आजी जन्मात गोल्फच्या मैदानाकडे फिरकलेली नाही. ती म्हणते, नाही बाई, मला कसला त्रास! आणि कागदोपत्री आजी ठणठणीत ठरते.

प्रश्न मी रचलेला नाही. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसएफ-३६’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ३६ प्रश्नांच्या आरोग्य-प्रश्नावलीतला तो आहे. चिनी मुख्य भूमीवरच्या आवृत्तीत गोल्फ गायब झालं. तिथे आता जमीन झाडणं आहे आणि ‘ताय ची’ आहे, म्हणजे सकाळी बागेत म्हातारीकोतारी संथपणे करतात तो व्यायाम. शब्द म्हणून गोल्फ आणि ताय ची यांचा काडीचा संबंध नाही. पण शरीराला पडणारे कष्ट साधारण सारखे. भाषांतर करायचं होतं ते दमाचं, खेळाचं नव्हे!

अशा भाषांतराची एक जुनी खातरजमा आहे. इंग्रजीतून चिनी करायचं, मग मूळ कागद न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही ताडून बघायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली ही उलट भाषांतराची रीत पद्धतशीर मांडली. रीत चांगली, पण फसवी. गोल्फचं चिनीत गोल्फच केलं, तर परत येताना ते बिनचूक गोल्फ म्हणूनच येतं. परीक्षेत पैकीच्या पैकी, आणि आजी तिथेच अडलेली. म्हणून पुढची पायरी लागते. खऱ्या रुग्णाला समोर बसवायचं, प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय कळलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ माझ्या मते सगळ्या खटाटोपात खरं शहाणपण एवढ्या एका वाक्यात आहे.

मनाचे प्रश्न आले की गुंता वाढतो. १९८० साली आर्थर क्लाइनमन हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हूनान प्रांतातल्या चांगशा शहरात गेले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात ‘शेनचिंग श्वायरुओ’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असं निदान झालेले १०० रुग्ण त्यांनी तपासले. तक्रारी डोकेदुखीच्या, झोप न लागण्याच्या, चक्कर येण्याच्या. अमेरिकी निकष लावल्यावर त्यांतले ८७ जण नैराश्याचे रुग्ण ठरले. ‘तुम्ही उदास असता का?’ एवढंच विचारणाऱ्या कागदाला त्यांतले किती सापडले असते? माणसं दुःख लपवत नव्हती. ती ते डोक्यातून, छातीतून, झोपेतून सांगत होती. ‘पोटात गोळा आला’ किंवा ‘जीव गुदमरला’ म्हणणाऱ्या आपल्याला हे नवं वाटू नये.

चिनीत घुसमटीसाठी एक अक्षर आहे. बाहेर दरवाजा, आत हृदय. कोंडलेलं हृदय! लिपीचे अभ्यासक लगेच सांगतील की दरवाजा तिथे मुख्यतः उच्चार दाखवायला आहे आणि अर्थ हृदयाकडून येतो. असो, चित्र तर डोळ्यांसमोर राहतंच. गंमत म्हणजे या अक्षराचा उच्चार जवळजवळ ‘मन’ असाच होतो. निव्वळ योगायोग, पण मराठी कानाला थबकायला लावणारा.

शिवाय ‘चिनी’ म्हणजे नेमकी कोणती? मुख्य भूमीवर सोपी केलेली अक्षरं, हाँगकाँग आणि तैवानमध्ये जुनी. त्याहून अवघड आहे ते वाचून दाखवणं. ‘तो’ म्हणायला हाँगकाँगचा माणूस बोलताना ‘खॉय’ म्हणतो, छापील मजकुरात मात्र ‘था’ असतं. निरक्षर आजोबांना नर्सने कागद जसाच्या तसा वाचला, तर तो बातमीपत्रासारखा वाटतो. तिने तो घरगुती बोलीत फिरवला, तर प्रत्येक नर्सची प्रश्नावली वेगळी होते. मापाची पट्टी हातागणिक लांब-आखूड झाली, तर मापायचं काय?

आता कॅन्सरच्या रुग्णांच्या गरजा ओळखणारी प्रश्नावली घ्या. मूळ ऑस्ट्रेलियातली, संक्षिप्त रूपात ३४ प्रश्नांची. हाँगकाँगच्या चिनी आवृत्तीत ३३ उरले. गेल्या महिन्यात अमुक बाबतीत तुम्हाला मदतीची किती गरज होती, असं ती विचारते. पण चिनीत परक्याकडे काही मागताना माणूस आधी ‘माफान’ म्हणतो, म्हणजे ‘तुम्हाला त्रास देतोय’. मदत मागणं म्हणजेच त्रास देणं, असं ज्याच्या बोलण्यातच मुरलंय, तो ‘फार गरज होती’वर सहज खूण करेल का? कोरा रकाना पाहून ‘गरज नाही’ असा निष्कर्ष काढणारा डॉक्टर फसतो.

आणि याच प्रश्नावलीत एक प्रश्न आहे कॅन्सर पसरण्याच्या भीतीचा. ज्याला आपल्याला कॅन्सर आहे हेच सांगितलेलं नाही, त्याच्या हातात हा कागद द्यायचा कसा? चिनी कुटुंबांत रोगाचं निदान म्हाताऱ्या माणसापासून लपवण्याची रीत आजही दिसते. लुलू वांग यांचा २०१९ सालचा ‘द फेअरवेल’ हा चित्रपट त्यांच्या स्वतःच्या आजीवरच बेतलेला आहे. आजीला फुप्फुसाचा कॅन्सर होतो, डॉक्टर थोडे दिवस उरल्याचं सांगतात, आणि अख्खं घराणं लग्नाचं निमित्त काढून तिच्याभोवती जमतं, पण तोंडातून शब्द काढत नाही. चित्रपटाचं चिनी नावच मुळी ‘तिला सांगू नका’ असं आहे. एवढ्या माणसांनी जिवापाड जपलेलं गुपित त्या एका छापील ओळीने क्षणात फोडलं असतं. निदानानंतर सहा वर्षांनीही ती खरी आजी हयात होती, हे चित्रपटाच्या शेवटी कळतं.