ताऱ्यांच्या तेजाची नोंदवही

२०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबडा तारा झपाट्याने मंदावू लागला. ताऱ्याचे तेज ‘प्रत’ या आकड्याने मोजतात; हा आकडा वाढतो तसे तेज घटते. काक्षीची प्रत एरवी ०.५ च्या आसपास असते, ती फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत गेली. नेहमीच्या तेजातला एक-तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग उरला. तारा आता फुटणार, अशी चर्चा जगभर सुरू झाली, पण काही आठवड्यांत तो पूर्ववत होऊ लागला. ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि तिच्याआड ताऱ्याचा काही भाग झाकला गेला, हे मोठ्या दुर्बिणींनी नंतर उलगडले. पण काक्षी सुमारे ४०० दिवसांच्या चक्रात कमीजास्त होतच असतो. हे मंदावणे त्या चक्रातले नव्हे, हे ओळखायला आधीच्या अनेक दशकांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. अशा नोंदींचा मोठा साठा हौशी निरीक्षकांनी जमवला आहे. सातत्याने ठेवलेली नोंद हेही विज्ञानाचे एक उपकरणच आहे, आणि ते यंत्रयुगातही जपायला हवे.

ही नोंद घेण्याची रीत सोपी आहे. तेज ठाऊक असलेले दोन स्थिर तारे निवडायचे, एक रूपविकारी म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्याहून ठळक आणि दुसरा मंद. काक्षी रोहिणीहून मंद पण बेलॅट्रिक्सहून ठळक आणि दोघांच्या बरोबर मध्ये वाटला, तर त्याची प्रत १.२ ते १.३ धरायची. धूमकेतूचे काम अवघड, कारण तो बिंदू नसून धूसर गोळा असतो. म्हणून दुर्बिणीची स्पष्टता मुद्दाम बिघडवून तुलनेचा तारा तेवढाच पसरट करतात आणि मग दोघांचे तेज ताडून पाहतात. ऑक्टोबर २००७ मध्ये होम्सचा धूमकेतू दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून जवळजवळ तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला, म्हणजे सुमारे पाच लाख पटींनी. १८९२ मध्ये तो सापडला तोही अशाच उद्रेकामुळे. ही जुनी नोंद नसती, तर २००७ ची घटना एकाकी चमत्कार ठरली असती. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की त्या धूमकेतूचा स्वभाव दिसतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की डोळा फसतो. ते खरेच आहे. एकाच रात्री दोघांच्या अंदाजांत ०.२ प्रतीचा फरक सहज पडतो आणि तांबडे तारे तर विशेष फसवतात. मात्र अनेकांच्या नोंदींची सरासरी घेतली की विखुरलेल्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात, आणि काक्षीचा एका प्रतीहून मोठा बदल अशा चुकांत दडू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्वयंचलित दुर्बिणी रोज रात्री आकाश टिपत असताना माणूस कशाला हवा? पण त्या दुर्बिणी मंद तारे शोधण्यासाठी घडवलेल्या असतात. काक्षीएवढा ठळक तारा त्यांच्या संवेदकांना झेपत नाही आणि मोजमाप निरुपयोगी ठरते. शिवाय यंत्रांची मोजमापे अलीकडची आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या डोळ्यांच्या अंदाजांशी ती जोडायची, तर डोळ्यांनी घेतलेली नोंद आजही चालू राहिली पाहिजे.

हे काम वेधशाळेतल्या पदावर अवलंबून नाही, हे आजच्या बांगलादेशातल्या जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी दाखवून दिले. सरकारी कोषागारात नोकरी करणाऱ्या या माणसाने १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहिला आणि पुढे रूपविकारी ताऱ्यांच्या हजारो नोंदी १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी निरीक्षकसंघाकडे पाठवल्या. त्या संघामार्फत मिळालेली दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. महाराष्ट्रातही पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशींना आकाशाची वाट दाखवते आहे. पावसाळ्यात आपल्याकडचे आकाश झाकते, तेव्हा इतर देशांतले निरीक्षक तो खंड भरून काढतात. तसेच त्यांचे आकाश झाकते तेव्हा आपल्या कोरड्या हिवाळी रात्रींची नोंद त्यांनाही हवी असते. तारीख, वेळ, तुलनेचे तारे आणि अंदाज, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी पुरे. ‘आज बदल नाही’ ही नोंदही तितकीच मोलाची, कारण बदल नेमका कधी सुरू झाला हे तिच्यावरूनच ठरते.